असं ठिकाण नाही

पाकीट हातभर लांब धरायचं, डोळे बारीक करून पत्ता वाचायचा आणि पसंत पडला नाही की खिशातली जांभळी पेन्सिल जिभेवर ओली करायची. मग पाकिटावर आडवं लिहायचं, ‘असं ठिकाण नाही.’ आमच्या पोस्टमनमामाची जीभ बारा महिने जांभळी असायची. तुमच्याही गावात असा एखादा हेकट माणूस असेल, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. मला ते जमलं नाही, म्हणून हे लिहितोय. त्याला अहो-जाहो मी तोंडावरच करायचो, पाठीमागे कधीच नाही.

तीर्थपुरीहून सायकलवर थैली आणून तो आमच्या गावात टपाल वाटायचा. घर आमच्याच वस्तीत, विहाराला लागून. वस्तीचं जुनं नाव म्हणजे आमची जुनी जात आणि तिच्यापुढे ‘वाडा’. ते नाव मी इथे लिहिणार नाही. वस्तीनं बैठक घेऊन भीमनगर नाव ठेवलं, विहिरीजवळ पाटी लावली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. गाव मात्र जुन्याच नावानं हाक मारत राहिलं, सरकारी कागदही तेच नाव छापत राहिले. पोस्टमनमामानं ठरवून टाकलं की त्या नावाचं ठिकाण पृथ्वीवर नाही.

एकदा सरपंचानं ग्रामसभेच्या नोटिसा वस्तीतल्या घरांना पोस्टानं धाडल्या. हाकेच्या अंतरावर पोस्टानं, आणि जुन्या नावानं, म्हणजे हेतू कळलाच. मामा सगळा गठ्ठा घेऊन पारावर गेला.

“सरपंच, असं ठिकाण न्हाई.”

“मंग तुझं घर कुठं हाय?”

“भीमनगरात.”

“नाव बदलल्यानं काय फरक पडतो रे?”

“पडत नसंल तर तुमच्या सातबाऱ्यावर माझं नाव टाकून बघा की.”

पारावर कुणी हसलं नाही. आठवड्याच्या आत त्याच्या सायकलचे दोन्ही टायर ब्लेडनं चिरलेले निघाले. महिनाभर तो थैली खांद्यावर टाकून पायी आला आणि गावात शिरला की पहिलं टपाल सरपंचाच्याच दारात द्यायचा. हा सूड होता की कर्तव्य, मला कधी कळलं नाही.

बाहेरच्यांशी भांडला असता तर एक वेळ चाललं असतं. पण वस्तीलाही त्यानं सोडलं नाही. शेजारच्या गिरजाबाईचा मुलगा पुण्यात कामाला. त्याचं पत्र जुन्या नावानं आलं, यानं परत धाडलं. वर स्वतःचं कार्ड खरडलं, ‘पत्ता दुरुस्त करावा. आई ठणठणीत आहे, तुझी वाट पाहते.’ गिरजाबाईनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि त्याच तोंडानं विचारलं, “च्या पेतू का?” तो प्यायला.

मग माझी पाळी आली. डी.एड. होऊन मी शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबत होते आणि घरातलं शिकलेलं माणूस मी एकटा. कचेरीतला कारकून म्हणाला, दाखल्यावर आहे तोच पत्ता लिहा, नाहीतर अर्ज बाद होईल. मी निमूट जुनं नाव लिहिलं. घनसावंगीच्या मित्राला मुलाखतीचं बोलावणं आलं, मला नाही. कचेरीत चौकशीला गेलो, तेव्हा माझं पाकीट परत येऊन तिथेच पडलेलं होतं. त्यावर जांभळी अक्षरं होती आणि मुलाखती होऊन गेल्या होत्या.

घरी न जाता मी थेट त्याच्या दारात गेलो.

“माझ्या भाकरीवर लाथ मारली तुम्ही!”

“फॉर्मावर कोन्तं नाव लिवल्तं तू?”

“कुणाला काय फरक पडला असता? द्यायचं होतं गुपचूप!”

“आज गुपचूप घेतलं असतं, तर जल्मभर त्याच नावानं घेत बसला असता.”

“तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमची सरकारी नोकरी पक्की आहे!”

त्यावर तो नुसती पेन्सिल जिभेवर फिरवत राहिला. मला वाटलं, बरोबर वर्मावर बसलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. माझं टपाल तो उंबऱ्यावर ठेवायचा आणि तो वळल्यावर मी उचलायचो.

पुढच्या अर्जावर मी भीमनगर लिहिलं. त्याचं ऐकून नव्हे, पाकीट पोचावं म्हणून. कारकून कुरकुरला, पण अर्ज बाद झाला नाही. परतूर तालुक्यात नोकरी लागली, आई-वडिलांना घेऊन गेलो आणि गाव सुटलं. राग मात्र बरोबर नेला होता आणि तो पंधरा वर्षं चांगला पुरला.

एक दिवस वाटूर फाट्यावर बसची वाट बघताना तीर्थपुरीचे जुने पोस्टमास्तर भेटले. मामाचा विषय निघाला. आजारी आहे म्हणाले. मी म्हणालो, “पेन्शन असेल, भागत असेल.”

“कसली पेन्शन? सारा जल्म कच्च्या नोकरीतच गेला त्याचा.” मास्तर म्हणाले, “तुला म्हाईत न्हाई? पक्क्या नोकरीची ऑर्डर आल्ती त्याची. जालन्याला हजर व्हायचं होतं. पाकिटावर वस्तीचं जुनं नाव. यानंच परत पाठवली.”

“कधी?”

“तुझं पाकीट आलं, त्याच्या आदल्या महिन्यात. मी म्हणलो, घेऊन टाक, मी कुणाला सांगत न्हाई. तर म्हणला, दुसऱ्याचं परत करायचं आन आपलं ठिवून घ्यायचं, हे आपल्याला जमत न्हाई.”

माझी बस आली आणि गेली. त्याच्या दारातलं माझं एकेक वाक्य मला आठवत होतं. लाज वाटली, फार लाज वाटली. घरी जाऊन पत्र लिहिलं. ‘मामा, माझं चुकलं. येत्या रविवारी येतो.’ पाकिटावर त्याचं नाव, खाली ठळक अक्षरांत भीमनगर, मग गाव, तालुका, जिल्हा.

शनिवारी माझंच पाकीट माझ्या हातात पडलं. हातभर लांब धरून मी ते वाचलं. नव्या पोस्टमननं निळ्या पेननं आडवं लिहिलं होतं, ‘पत्ता बरोबर. इसम मयत.’