शिवलिंगप्पांची निबंधस्पर्धा

शिवलिंगप्पा निबंध वाचत नसत, ऐकत असत. स्पर्धेच्या आधी हायस्कूलची मुलं त्यांच्या दुकानात निबंध वाचून दाखवायला जायची. अप्पा गादीवर मांडी घालून बसत, कापड मोजायचा लोखंडी गज मांडीवर आडवा ठेवत आणि डोळे मिटून घेत. एखादं उसनं वाक्य आलं की गज फरशीवर वाजे. डोळे न उघडताच ते विचारत, "हे तू बघितलास, का कुणाचं ऐकून लिहिलास?"

उस्मानाबादच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बाराबंदी, आवाज जाडाभरडा. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि अंमलदाराशी दखनी, अशा तीन भाषा ते बोलत. निजामाचं राज्य होतं. आम्ही इतिहास उर्दूतून शिकायचो, भूगोल आणि गणितही उर्दूतून. मराठी लिहायची ती घरी खुशालीचं कार्ड पाठवताना. म्हणून पेठेतल्या लोकांनी जे मंडळ काढलं होतं, त्यानं हायस्कूलच्या मुलांसाठी दरवर्षी मराठी निबंधस्पर्धा सुरू केली. अप्पा मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणायचे, "उर्दू गोड भाषा हाय, तिच्याशी आपलं भांडण न्हाय. पण आईला हाक मारताना तर्जुमा करावा लागू नये."

मी सास्तूरच्या सुताराचा मुलगा. शिक्षणासाठी मामाकडे राहत होतो. त्या वर्षी विषय होता 'माझे गाव'. मी हिरवी शेतं, झुळझुळ ओढा, नाचणारे मोर असं सगळं लिहून अप्पांसमोर उभा राहिलो. पहिल्याच ओळीला गज वाजला.

"सास्तूरला मोर हाय?"

"न्हाय, अप्पा."

"मग तुझ्या कागदावर कुठनं आला? नोडप्पा," हे बघ बाबा म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून कानडीच निघे, "जा, तुझ्या दारात काय व्हतं ते लिहून आण."

आमच्या दारात काय होत होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी ते लिहिलं. साहेबाचा दौरा आला की गावाबाहेर तंबू लागत, आणि तंबूच्या मेखा तासायला माझ्या वडिलांना बोलावणं येई. वेठीचं काम, मजुरी नाही. ज्वारीच्या काढणीत एकदा वडील तापानं फणफणले होते. तरी शिपायानं त्यांना उठवून नेलं. ते दिवसभर उन्हात मेखा तासत बसले आणि संध्याकाळी आई त्यांना धरून घरी घेऊन आली. एवढंच लिहिलं होतं. मी वाचून संपवलं तरी अप्पा डोळे मिटून बसले होते. गज वाजला नव्हता.

माझा निबंध पहिला ठरला, आणि तिथंच अडचण उभी राहिली. बक्षीस समारंभाला सरकारी परवानगी लागे, आणि ती देताना अट घातली होती की नायब तहसीलदारसाहेब पाहुणे म्हणून येतील. पहिला आलेला निबंध सभेत वाचायचा असा रिवाज. मंडळाचे चिटणीस वकील होते, भले गृहस्थ. ते म्हणाले, "अप्पा, मेखांचा मजकूर गाळू. मंडळ टिकलं पाहिजे."

अप्पा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "लिहिलं तू, पण भोगलं तुझ्या बापानं. गावाला जा अन् त्याला विचार. तो नको म्हणाला तर वाचायचं न्हाय."

मी सास्तूरला गेलो. वडील बैलगाडीचं चाक दुरुस्त करत होते. मी त्यांना निबंध वाचून दाखवला, साहेब समोर बसणार आहे तेही सांगितलं. आई घाबरली. वडिलांनी चाकावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मेखा म्याच तासल्या. त्यात खोटं काय न्हाय. वाच."

सभेला पेठ लोटली होती. नायब तहसीलदार खुर्चीत बसले होते. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून अप्पा शेजारी उभे राहून माझं प्रत्येक वाक्य दखनीत सांगत होते. मेखांचा मजकूर आला तेव्हा माझा आवाज कापायला लागला. अप्पांचा नाही. तापाचं, शिपायाचं, आईचं, सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "ये लड़का किसका है?"

अप्पा म्हणाले, "हमाराच है, साहब."

सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी बक्षिसाचं सदऱ्याचं कापड माझ्या हातात दिलं आणि ते निघून गेले. थोड्याच दिवसांत मंडळाला कुलूप लागलं. लढाईचे दिवस होते, कापडावर कंट्रोल होता. अप्पांचा परवानाही गेला. रिकाम्या फळ्यांसमोर ते पूर्वीसारखेच ताठ बसत. कुणी हळहळलं तर म्हणत, "कापड न्हाय तर न्हाय. आता पोरांचं ऐकायला दिवस मोकळा हाय."

पुढची स्पर्धा त्यांनी आपल्या शेतात भरवली. हुरडा खायला माणसं बोलवायची तर परवानगी लागत नव्हती. आगटीभोवती बसून मुलांनी निबंध वाचले. माझे वडील सास्तूरहून आले होते. अप्पांनी त्यांना आपल्याजवळ घोंगडीवर बसवलं आणि आल्यागेल्याला सांगितलं, "हे आमच्या पहिल्या नंबराचे वडील." वडील खाली मान घालून कणसं चोळत राहिले, पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. मंडळाचं कुलूप निघालं. मी तोवर प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो. स्पर्धा पुन्हा पेठेत, भर सभेत व्हायची ठरली. विषय होता 'माझे घर'. पहिला निबंध ठरला तो एका रंगाऱ्याच्या मुलाचा. मुसलमान मुलगा, नववीतला. त्या धामधुमीच्या दिवसांत त्याच्या वडिलांचा कारखाना लुटला गेला होता, घर जाळलं होतं. कुणी जाळलं तेही त्यानं लिहिलं होतं. नावं नव्हती. 'ज्यांची धोतरं आणि लुगडी माझ्या बापानं रंगवली, ती माणसं' इतकंच लिहिलं होतं.

चिटणीस पुन्हा म्हणाले, "अप्पा, जखमा ताज्या आहेत. मुलाला बक्षीस देऊ, वाचायला नको."

या वेळी अप्पांचा आवाज चढला. "वकीलसाहेब, मागं खुर्चीत साहेब बसला व्हता. सुताराच्या पोरानं वाचलं तवा लई टाळ्या वाजवल्या आपण. आता खुर्चीत आपण बसलोय. तेवढाच फरक हाय."

अप्पा स्वतः त्या मुलाच्या आईवडिलांना विचारून आले. दोघांनी होकार दिला.

मुलानं वाचलं. या खेपेला तर्जुम्याची गरज नव्हती. सभेत माणसं जमिनीकडे बघत होती. दोघेतिघे उठून गेले. अप्पा त्याच्या शेजारी उभे होते, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. वाचून झालं. कुणी टाळी वाजवली नाही. मग चिटणीस उठले, मुलाजवळ गेले आणि स्वतःच्या हातानं त्याला बक्षिसाचा फेटा बांधला. बांधताना त्यांना दोनदा डोळे पुसावे लागले. मागून हळूहळू एकेक माणूस उभा राहिला. अर्धी सभा उभी राहिली. अर्धी बसूनच होती.

घरी जाताना मी अप्पांना म्हणालो, "अर्धेच उठले."

"अर्धे उठले की रे," अप्पा म्हणाले. त्यांच्या चालण्यात एक वेगळाच डौल होता. "आपली पेठ हाय ती. बाकीचे बी उठतील."

पुढं काही वर्षांनी अप्पा गेले. माझा निबंध साहेबासमोर वाचला गेला होता याचं आजही गावात कौतुक होतं. मला ते आवडतं, नाही म्हणत नाही. पण माझ्या मुलांना मी दुसऱ्या सभेची गोष्ट सांगतो. अप्पांनी त्या पोराचं घर आमच्या सगळ्यांच्या समोर आणून उभं केलं, तेव्हा मी तिथं होतो आणि उठून उभा राहिलो होतो.