गोळी बंद केल्याचं शपथपत्र

संचालकांनी पाकीट दातानं फाडलं. माझ्या नावाचं पाकीट. स्टाफरूममध्ये, जेवणाच्या सुटीत, अकरा जणांसमोर. आतून गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघाल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचली.

"सर, तुम्ही येड्याच्या गोळ्या खाऊन पोरं शिकवून राहिले?"

कुणीतरी हसलं. बाकीचे आपापल्या डब्यात बघत राहिले. मीही डब्यातच बघितलं. वांग्याची भाजी होती, एवढं आठवतं.

सौंसरची ही खासगी शाळा त्यांच्या वडिलांनी काढली. संत्र्याचे बगीचे त्यांचे, शाळेची इमारत त्यांची आणि आम्ही मास्तरही त्यांचेच, असा त्यांचा समज. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. दर जूनमध्ये नवं नेमणूकपत्र मिळतं, म्हणजे एप्रिलपासून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

पाकीट त्यांच्या हाती गेलं यात माझीही चूक होती. सौंसरच्या औषध दुकानात मी ही गोळी कधी मागितलीच नाही. दुकानदार ओळखीचा, तिथे उभी असलेली चार माणसं ओळखीची. म्हणून नागपूरला राहणारा मेहुणा गोळ्या घेऊन बसच्या कंडक्टरजवळ द्यायचा आणि मी स्टँडवर जाऊन आणायचो. आमच्याकडे लग्नपत्रिकेपासून मोटरपंपाच्या पार्टपर्यंत सगळं असंच येतं. त्या दिवशी माझा तास होता. कंडक्टरनं भलेपणानं पाकीट शाळेच्या व्हॅनवाल्याजवळ दिलं आणि व्हॅनवाल्यानं इमानेइतबारे ते भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. लपवायला गेलो आणि साऱ्या शाळेला कळलं.

गोळी पाच महिन्यांपासून सुरू होती. त्याआधीचं वर्ष फार वाईट गेलं. सकाळी मोज्यात पाय घालायला अर्धा तास लागायचा. फळ्यासमोर उभा राहिलो की छाती धडधडायची, हात गार पडायचे. जगणं नकोसं झालं. तसं बायकोला सांगितलं तेव्हा तिनं मला धरून नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे फरक जाणवणार नाही, धीर धरा, आणि मला विचारल्याशिवाय बंद करू नका. सुरुवातीला मळमळलं. महिन्याभरानं एका सकाळी चहाला चव आली. मला रडू आलं. चहासाठी.

हे सगळं मी त्यांना सांगायला हवं होतं. मी "जी, भाऊसाहेब" म्हणालो आणि पट्ट्या-चिठ्ठी उचलून खिशात घातली.

दोन दिवसांनी त्यांनी ऑफिसात बोलावलं. पालक विचारायला लागले म्हणे. उद्या प्रयोगशाळेत काही झालं तर जबाबदार कोण, म्हणे. मर्द माणसाला कसली उदासी, असंही म्हणाले. मग मुद्द्यावर आले.

"तहसीलातून शपथपत्र बनवून आणा. का मी अशी कोणतीच गोळी घेत नाही. मग जूनचं पाहू."

मी मान हलवली. ती हललेली मान आठवली की स्वतःचीच चीड येते.

दुसरा कुणी असता तर त्यानं कागद दिला असता आणि घरी गोळी घेत राहिला असता. मला ते जमलं नाही. माझे बाबा आयुष्यभर तहसीलात बाबू होते. शपथेवर खोटं लिहायचं नाही, हे त्यांनी आमच्या हाडीमासी मुरवलं. म्हणून मी आधी गोळी बंद केली. एका दिवसात. आणि मग टायपिस्टकडे गेलो, कागद खरा ठरावा म्हणून. शपथपत्र भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरांना विचारलं नाही, बायकोला सांगितलं नाही. मुलांना मी दर वर्षी बजावतो की तीव्र आम्लात पाणी एकदम ओतायचं नसतं. स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत एवढीही अक्कल चालवली नाही.

तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. चक्कर, घाम, भलभलती स्वप्नं. मुलीवर विनाकारण ओरडलो आणि न्हाणीघरात जाऊन रडलो. दहाव्या दिवशी फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता पायाखालची फरशी सरकली. टेबल धरून खाली बसलो. मुलं घाबरली. गलका ऐकून भाऊसाहेब दारात आले. माझ्याच विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, "पाहा. मी म्हणूनच राहिलो होतो."

त्यांनी सांगितलं म्हणून बंद केली. बंद केली म्हणून पडलो. पडलो म्हणून ते खरे ठरले.

घरी बायकोनं कपाट उघडलं. तीनही पट्ट्या तशाच होत्या. ती रागावली नाही. डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या हातात दिला. त्यांनी आधी एकच विचारलं, मरणाचे विचार परत येतात का. मी चकरेचंच सांगू लागलो.

बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "हो म्हणा."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं आम्ही नागपूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, गोळीनं तुम्हाला पाडलं नाही, ती एकदम सोडल्यानं पडलात. सोडायची वेळ येईल तेव्हा आपण थोडी थोडी कमी करत सोडू, मी सांगेन तशी. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन खाऊ नका. पुन्हा बिघडलं तर थेट फोन करा. बायकोनं सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्यावर तिचा आता भरवसा राहिला नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

परतीच्या बसमध्ये मला एक गोष्ट आठवली. भाऊसाहेब रोज जेवणाआधी शुगरची गोळी खातात. स्टाफरूममध्ये येऊन, आमच्यापैकी कुणाला तरी पाणी आणायला लावून. एकदा तर माझ्याच हातून पाणी घेतलं होतं. त्यांच्याकडे कुणी शपथपत्र मागितलं नाही.

मी अजून बरा झालेलो नाही. पुन्हा आठवडे मोजणं आलं. पण गोळी सुरू झाली तसा तो पहिला कागद खोटा झाला, आणि खोटा कागद माझ्या नावावर ठेवणं मला जमणार नव्हतं. काल तहसीलासमोर त्याच टायपिस्टकडे गेलो. त्यानं विचारलं, "सर, मागच्यासारखंच टाइप करू?"

"नाही. लिहा, मी गोळी घेतो."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "असं कोणं मागितलं, सर?"

"कोणीच नाही."

डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध घेतो, पहिलं शपथपत्र रद्द समजावं, एवढाच मजकूर. खाली माझी सही. ती जरा वाकडी आली. तशीच राहू दिली.

जूनमध्ये नेमणूकपत्र बहुतेक येणार नाही. भीती वाटते. उद्या जेवणाच्या सुटीत त्याच अकरा जणांसमोर हा कागद मी स्वतः वाचणार आहे. पुढची पट्टी सौंसरच्याच दुकानातून घेणार आहे, चिठ्ठी काउंटरवर ठेवून, चार ओळखीची माणसं बघत असताना. आणि ही गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. भाऊसाहेब नाही.