घरचा चार्जर आणि लाल दिवा

वाळूजच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं खरेदी विभागात आहे. बोल्ट, बेअरिंग, हातमोजे, कॅन्टीनची ताटं, कारखान्यात बाहेरून जे जे येतं ते माझ्या सहीनं येतं, आणि तुलनातक्ता पाहिल्याशिवाय माझी सही होत नाही. ही सवय घरातही शिरलेली आहे. आमचा मिक्सर तक्ता करून घेतलेला आहे. डासांची जाळीसुद्धा. त्या जाळीतून डास येतात, पण तक्ता निर्दोष होता.

मागच्या वर्षी मी विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. आम्ही राहतो चिकलठाण्याकडे, एका चार मजली इमारतीत; नोकरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज जालना रोड आणि नगर नाका पार करत जायचं आणि तसंच परत यायचं. गाडीबरोबर एक चार्जर आला होता, वायरच्या मधोमध जाड ठोकळा असलेला, पंधरा अँपिअरच्या साध्या पॉवर प्लगला लागणारा. तो मी कारखान्यातच ठेवला. साहेबांची परवानगी घेऊन शेडच्या कडेच्या एका प्लगला गाडी लावायचो आणि ती दिवसभरात निवांत भरून निघायची. पण सुट्टीत काय, लांब जायचं झालं तर काय? घरी दुसरा चार्जर हवाच होता. असा, की वेळ पडली तर डिकीत टाकून गावाला नेता येईल.

झालं, मी तक्त्याला बसलो. दोन रविवार गेले. वायरची लांबी, वजन, पावसाचं पाणी सोसायची क्षमता, पडदा आहे की नुसते दिवे, फोनवरून चालतो की नाही, हमी किती वर्षांची. चौदा रकाने झाले. बायको बँकेत नोकरी करते, तिलाही कागद वाचायची सवय आहे. तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

"अहो, आपल्या पार्किंगमध्ये कुठला प्लग आहे ते कुठं लिहिलंय?"

"तो काय, नंतर बघता येतो," मी म्हणालो. "आधी चार्जर ठरतो, मग बाकीचं."

ती काही बोलली नाही. आमच्याकडे ती काही बोलत नाही तेव्हा मला अजूनही वाटतं की तिला पटलं.

चार्जर ठरला तो सगळ्यात दांडगा. सात किलोवॅटचा. साधे चार्जर तीन पॉइंट तीनचे, म्हणजे हा दुपटीनं वेगवान, असा माझा सरळ हिशोब. खोकं आलं ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं. वायर माझ्या मनगटाएवढी नाही, पण बायकोच्या मनगटाएवढी नक्की होती. मी ते मोठ्या दिमाखात पार्किंगमध्ये नेलं, उघडलं, आणि वायरच्या टोकाला निळा, गोल, कारखान्यातल्या यंत्रांना असतो तसा प्लग दिसला. तो आमच्या इमारतीतल्या एकाही भोकात जाण्यासारखा नव्हता. मी तरीही भिंतीवरच्या प्लगजवळ धरून पाहिला. का, ते सांगता येणार नाही.

तळमजल्यावरच्या काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. निवृत्त परिचारिका, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळं त्या मला नावानं नाही, हुद्द्यानं हाक मारतात.

"सेक्रेटरी, बसत नाही का?"

"चालू आहे, काकू, तपासणी."

"हं. मोठं दिसतंय ते. लहान मुलाला मोठ्या माणसाची सुई घेऊन आल्यासारखं वाटतंय."

त्या काय बोलून गेल्या ते कळायला मला एक दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी मी ते धूड कारखान्यात नेलं. तिथं निळे प्लग भिंतीभिंतीवर आहेत. गाडी लावली, पडद्यावर आकडे आले, मी खूश. जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहिलं तर गाडी रोजच्यापेक्षा एक टक्काही जास्त भरली नव्हती. शेजारी आमचे वायरमन उभे होते. गंगापूरकडचे, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, सगळ्या कारखान्याची वीज डोक्यात ठेवणारे.

"साहेब, चार्जर लई भारी हाय," ते म्हणाले. "पण गाडी किती घेती ते बघितलं का?"

"म्हणजे?"

"गाडीच्या पोटात बी एक चार्जर असतो. ती तिच्या हिशोबानंच घेती. तुमची गाडी तीन पॉइंट तीनच्या वर घेत नाय. तुम्ही सातचा लावा नायतर सत्तरचा लावा, ती तेवढंच घोट घोट पिणार."

"हे कुठं लिहिलेलं असतं?"

"गाडीच्या पुस्तकात."

गाडीचं पुस्तक मी उघडलं नव्हतं. चौदा रकान्यांत चार्जरबद्दल सगळं होतं, गाडीबद्दल एक अक्षर नव्हतं. पंचवीस वर्षं मी पुरवठादारांना दरडावत आलो की आधी आमच्या यंत्राला काय लागतं ते विचारा. मी म्हणालो, "बघतो," आणि वायर गुंडाळायला लागलो. ती गुंडाळता गुंडाळता जेवणाची सुट्टी संपली.

दांडगा चार्जर परत गेला. या खेपेला तक्ता केला नाही, गाडीचं पुस्तक वाचलं. गाडीबरोबर आलेल्यासारखाच एक साधा चार्जर मागवला, पंधरा अँपिअरच्या प्लगचा, एका हातात मावणारा. रविवारी सकाळी तो पार्किंगमधल्या प्लगला लावला, आणि ठोकळ्यावर लाल दिवा लागला. काढला, फुंकर मारली, परत लावला. लाल. हिरवा काही होईना.

मदतीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, "सर, तुमच्या प्लगला अर्थिंग आहे ना? नसेल तर चार्जर सुरक्षेसाठी बंदच राहतो."

"मॅडम, मी या बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे," मी म्हणालो. जसं काही सेक्रेटरी असला की जमिनीत आपोआप तांब्याची तार उगवते.

त्यांनी बिचाऱ्यांनी चार्जर बदलून दिला. दुसऱ्यानंही लाल दिवा दाखवला. तेव्हा मी ठरवलं की ही अख्खी खेपच सदोष आहे, आणि चार ओळींचं कडक तक्रारपत्र लिहिलं. पाठवण्याआधी सहज म्हणून तोच चार्जर कारखान्यात लावून पाहिला. तिथं तो हिरवागार. वायरमन पुन्हा शेजारीच. ते असे नेमके वेळेवर कसे असतात याचा मी कधी तरी शोध घेणार आहे.

"घरी लाल आन् इथं हिरवा, म्हणजे चार्जर नाय बिघडला साहेब. घर बिघडलंय. मी येतो रविवारी."

ते आले. पिशवीतून एक होल्डर काढला, त्यात शंभरचा बल्ब आणि दोन लांब वायरी. मी म्हणालो, "हे काय? अर्थिंग तपासायचं मीटर नाही का?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीटरचा इंडेंट तुमच्याकडंच हाय साहेब. तीनदा परत आलाय. 'कारण स्पष्ट करावे' म्हणून."

इंडेंट म्हणजे खरेदीचं मागणीपत्र. तो शेरा माझाच होता, माझ्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी मी ते मागणीपत्र शोधून सही केली, पण त्या क्षणी पार्किंगमध्ये उभं राहून मला कुठं बघावं ते कळेना.

त्यांनी बल्बची एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली. बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलची वायर काढून वरच्या जाड भोकात, म्हणजे अर्थिंगच्या भोकात लावली. बल्ब ढिम्म. त्यांनी मीटरच्या बोर्डावर जाऊन तेच केलं. ढिम्म.

"नुसता प्लग नाय," ते म्हणाले, "सगळ्या बिल्डिंगची अर्थिंग तुटलीय."

काकू एव्हाना खुर्ची पुढं ओढून बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तो नळ बघा हो जरा."

आता इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी सांगायला मला आवडत नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात पाण्याची मोटार आहे आणि तिच्या शेजारी लोखंडी पाइपावर एक नळ. काकू त्या नळाचं पाणी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालतात. मोटार चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं त्या मला दीड-दोन वर्षं सांगत होत्या. एकदा मी जाऊन हात लावला, बुटांसकट, मोटार बंद असताना, आणि मला काही झालं नाही. मग मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'नळ वापरताना कोरड्या चपला घालाव्यात. सेक्रेटरी.' बायकोला म्हणालो होतो की वय झालं की हाताला मुंग्या येतातच.

वायरमननी मोटार चालू केली आणि नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

त्यांनी लगेच धावत जाऊन मोटारीचा स्विच पाडला. "ताई, तुम्ही बराबर म्हणत होता," ते काकूंना म्हणाले. "मोटारीतून करंट पाइपात उतरतोय. अर्थिंग असती तर जमिनीत गेला असता. आता तो कुणाच्या तरी अंगातून जायची वाट बघतोय."

तो नळ सगळेच वापरत होते. धुणंभांडी करणाऱ्या मावशी फडकी तिथंच धुवायच्या, ओल्या फरशीवर, अनवाणी.

मोटारीला कुणी हात लावू नका आणि नळाजवळ जाऊ नका, हे सांगायला मी चारही मजले चढलो. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "पण काल तर चालू होती की." मी म्हणालो, "काल आपण वाचलो." इतकं सरळ वाक्य सेक्रेटरी म्हणून मी पहिल्यांदाच बोललो असेन. त्या दिवशी संध्याकाळी टँकर येईपर्यंत इमारतीला पाणी नव्हतं, आणि मला शिव्या देण्यात कुणी हात आखडता घेतला नाही.

तोवर वायरमन मीटरच्या बोर्डापासून निघालेली लोखंडी पट्टी शोधत होते. ती भिंतीवरून खाली येत होती आणि फरशीत गडप होत होती.

"इथं खड्डा असंल अर्थिंगचा. वर हे ठोकळे कुणी बसवले?"

पार्किंगमधले सिमेंटचे ठोकळे दोन वर्षांपूर्वी मीच बसवून घेतले होते. तीन ठेकेदारांचा तक्ता करून. सगळ्यात कमी दर, सगळ्यात कमी दिवस. चार ठोकळे उचकटल्यावर पट्टी दिसली. जमीन सपाट करताना आड आली म्हणून ती कापून टाकलेली होती आणि तिचं टोक नीट आत दुमडून ठेवलेलं होतं, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. खड्डा मातीनं भरून गेला होता.

काकू उठून आल्या, कापलेलं टोक पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"काकू, चुकलं माझं," मी म्हणालो. "तुम्ही इतके दिवस सांगत होता."

"अडतीस वर्षं वॉर्डात काढली," त्या म्हणाल्या. "पेशंट म्हणाला दुखतंय, की मी बघायची. तपासणीत काही नाही आलं तरी परत बघायची. त्याला मी कधी चपला घाल म्हटलं नाही."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि वायरमनसाठी चहा घेऊन आल्या. माझ्यासाठीही आणला. तो मी उभ्या उभ्या प्यालो.

पुढचं काम आठवड्याभरात झालं. नवीन खड्डा खणला, त्यात पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पट्टी वरपर्यंत नवी नेली. मोटार दुरुस्त झाली आणि तिच्या लाइनवर करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसला. यातलं एकही काम मी सुचवलेलं नव्हतं. मी फक्त खर्चाला मंजुरी मागायला सभा बोलावली आणि त्या सभेत, ठोकळे कुणाच्या देखरेखीखाली बसले होते, ते स्वतःच सांगितलं. सांगितलं नसतं तरी काकू सभेला होत्याच.

पुढच्या रविवारी वायरमननी बल्ब लावला, तो अर्थिंगवर लख्ख पेटला. मग मी चार्जर लावला. हिरवा. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि टाळी वाजवणारा एकटा मीच आहे हे लक्षात आल्यावर खिशात घातले.

जाताना वायरमननी बजावलं, "उन्हाळ्यात खड्डा वाळू देऊ नका. वाळला की अर्थिंग कमजोर. आठवड्याला एक बादली पाणी घालायचं."

हे काम सोसायटीनं एकमतानं माझ्याकडं दिलं. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे काही विचारायला नको, त्यामुळं मार्चपासून मी दर रविवारी सकाळी बादली घेऊन पार्किंगमधल्या एका जाळीच्या झाकणावर पाणी ओततो. परवा भाजीवाल्या मावशी गाडा थांबवून बघत होत्या.

"काय लावलंय भाऊ तिथं? काहीच उगवंना."

मी त्यांना जमीन, करंट, चार्जर, मोटार असं सगळं समजावायला सुरुवात केली. निम्म्यावर आलो असेन, इतक्यात खुर्चीवरून काकूंचा आवाज आला.

"सेक्रेटरी, बोलू नका, ओता. अजून अर्धी बादली."

मी ओतली.