मुदतीआधी फेडलेलं घर

माझ्या बहिणीला लोक कंजूष म्हणतात आणि माझ्या भाऊजींना बिचारे. दोन्ही शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. कंजूष माणूस पैसा साठवतो आणि त्याच्याकडे बघून खूश होतो. ताईच्या हातात पैसा कधी टिकलाच नाही, सगळा बँकेत जाऊन कर्जात जिरला. आणि भाऊजी बिचारे तर मुळीच नव्हते. त्यांच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. फक्त त्यांचा हट्ट आवाज करत नसे, म्हणून तो कुणाच्या लक्षात यायचा नाही.

भाऊजी घड्याळजी. बाजारातल्या एका जिन्याखाली, जिथे दुसऱ्या कुणी झाडूसुद्धा ठेवला नसता, तिथे त्यांचं काचेचं टेबल होतं. एका डोळ्याला भिंग, दुसरा मिटलेला, हातात बारीक चिमटा. जाणारे-येणारे म्हणायचे, आता हातातली घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं? भाऊजी मान वर न करता म्हणायचे, "बापाचं घड्याळ टाकून न देणारी चार माणसं अजून शिल्लक आहेत, म्हणून आमची चूल पेटते." ताई एका शाळेच्या कचेरीत फी घ्यायची. दोन पगार म्हणायला, खरं तर दीड. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि वीस वर्षांचं कर्ज.

घराचा ध्यास ताईचा, आणि तो आला कुठून ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या लहानपणी अकरा वर्षांत नऊ भाड्याच्या खोल्या झाल्या. वडिलांचं काम कधी असायचं, कधी नसायचं. एकदा शाळेतून आलो तर सगळं सामान जिन्यात. गाद्या, पातेली, आईची शिवणाची मशीन, आणि ताईची वह्यांची पेटी. त्या पेटीवर घरमालकाची मुलगी बसून चप्पल घालत होती. ताई तेव्हा तेरा वर्षांची. ती रडली नाही, की भांडली नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ही गोष्ट भाऊजींना सांगितली, आणि म्हणाली, मला दागिने नकोत, काही नको, फक्त कुणी बाहेर काढणार नाही असं दार हवं. भाऊजींनी ते ऐकून घेतलं. त्यांचा स्वभाव असा की एकदा ऐकलेलं ते मनातून काढत नसत.

मग त्यांची ती वही सुरू झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चहा झाला की टेबल पुसायचं आणि दोघांनी समोरासमोर बसायचं. मी त्याला 'सभा' म्हणायची. नियम असा की चपलेच्या जोडापेक्षा महाग काहीही घ्यायचं तर ते वहीत लिहायचं, का हवं ते सांगायचं, आणि दोघांची सही झाल्याशिवाय पैसा हलवायचा नाही. 'नाही' असा शब्द त्या वहीत नव्हता. एकमेकांना 'नाही' म्हणणं दोघांच्याही जिवावर यायचं. म्हणून ते लिहायचे, 'पुढच्या महिन्यात.' त्यांचा पंखा दोन उन्हाळे पुढच्या महिन्यात येत होता. ताईचा थंडीचा कोट तर इतकी वर्षं पुढे ढकलला गेला, की तेवढ्यात एखादं पोर दहावी-बारावी झालं असतं. मी चिडवायची, "भाऊजी, तुमच्याकडे जेवायला यायचं तेही पुढच्या महिन्यातच का?" ते हसायचे. "धाकटीबाई, बँकेचं व्याज काही पुढच्या महिन्यात येत नाही. ते याच महिन्यात येतं."

वाचलेला पैसा हप्त्याच्या वर बँकेत भरायचा. बँकेतला माणूस दर वेळी विचारायचा, हप्ता कमी करू की वर्षं कमी करू? दोघं एकदम म्हणायचे, वर्षं. मग बँक एक नवा कागद द्यायची. त्यावर शेवटच्या हप्त्याची तारीख असायची, ती अलीकडे आलेली असायची. तो कागद घरी आणून ताई कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. वीस वर्षांची सतरा झाली, सतराची पंधरा झाली. खरं सांगू? त्या वर्षांत मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. माझ्या घरी नवरा-बायकोत बोलायला विषय नसायचा. यांच्याकडे दर महिन्याला एक विषय ठरलेला असायचा, आणि त्या विषयावर दोघांचं एकमत असायचं.

कर्जाच्या अकराव्या वर्षी भाऊजी धडपडायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. कप टेबलावर ठेवायला जायचे आणि तो कडेच्या बाहेर सोडायचे. एकदा ताईच्या शाळेतली बाई रस्त्यात अगदी बाजूने गेली, तरी यांनी ओळख दाखवली नाही, म्हणून तिने ताईकडे तक्रार केली. मी काय केलं? मी हसले. "इतक्या वर्षांत स्वतःच्या घराची दारं कुठे आहेत ते कळलं नाही का?" असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. हे मी आज लिहितेय ते स्वतःला माफ करून घ्यायला नाही. मी म्हणाले आणि मी हसले, एवढंच.

त्यांना स्वतःला शंका आली नाही असं नाही. एका रविवारी त्यांनी वहीत लिहिलं, 'डोळे तपासणे.' त्याच महिन्यात व्याजाचा दर वाढला होता आणि ताईचा चेहरा उतरला होता. तिने विचारलं, "कामात काही त्रास होतो का?" ते म्हणाले, "छे! केसाएवढी स्प्रिंग दिसतेय मला. डोळ्यांना काय धाड भरलीय?" आणि ते खोटं नव्हतं. भिंगातून त्यांना लख्ख दिसायचं. भिंगातून माणूस बघतो तो समोरचा नाण्याएवढा गोल, बाजूचं काही बघायचं नसतंच. दिवसाचे नऊ तास ज्याचं जग तेवढंच, त्याला बाजूचं जग निघून चाललंय हे कसं कळावं? ताईने लिहिलं, 'पुढच्या महिन्यात.' दोघांनी सह्या केल्या.

असं चौदा वेळा झालं. मी ती वही नंतर पाहिली. चौदा वेळा 'डोळे तपासणे', चौदा वेळा 'पुढच्या महिन्यात', खाली दोन-दोन सह्या. पहिल्यांदा उत्तर ताईच्या अक्षरात आहे. पुढची तेरा भाऊजींच्या. म्हणजे ते स्वतःच लिहायचे आणि स्वतःच पुढे ढकलायचे, आणि ताई खाली सही करून पुढच्या ओळीतलं पंख्याचं काय ते बघायची.

शेवटी एका सायकलवाल्याने त्यांना पाडलं. हाताला टाके घालणाऱ्या डॉक्टरने सहज बाजूला बोट धरून विचारलं, हे दिसतं का? भाऊजी म्हणाले, कुठलं? डॉक्टरने टाके घातले आणि डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडा जातात, मधलं सगळ्यात शेवटी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही. दीड वर्षापूर्वी आला असतात तर थेंबांवर भागलं असतं." ताई खुर्चीच्या कडेला बसली होती. तिने मनातल्या मनात महिने मोजले असणार. बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "मी सही केली गं. दर वेळी मी सही केली." भाऊजी आम्हाला शोधत समोरच उभे होते, आणि आम्ही त्यांच्या उजव्या हाताला होतो म्हणून त्यांना दिसत नव्हतो.

थेंबांनी दाब उतरेना. महिनाभराच्या आत ऑपरेशन करा, उरलेलं कदाचित टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खर्च मोठा होता. पण पैसे होते. तेच तर! कर्जाचा शेवटचा तुकडा एकदम भरून टाकायचा म्हणून दोन वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेली रक्कम दोघांच्या खात्यावर तयार होती. रविवारी ताईने वही उघडली, 'ऑपरेशन' लिहिलं आणि पुढे ठळक 'हो' लिहून सही केली. भाऊजींनी वही डोळ्यांजवळ नेली, सावकाश वाचली, आणि सही केली. मी तिथेच होते. मला सुटल्यासारखं वाटलं.

मंगळवारी पैसे भरायला मी त्यांना दवाखान्यात नेणार होते. ताई शाळेत. मी दहाला पोचले तर घराला कुलूप. दुकानात नाहीत, शेजारी नाहीत. मी जिन्यात बसून राहिले. दोनच्या सुमाराला भाऊजी एकेक पायरी चाचपत वर आले. पँट गुडघ्यावर फाटलेली, हातात बँकेचं जाड पाकीट. चेहरा असा की परीक्षेत पहिला आलेला मुलगा.

"फिटलं, धाकटीबाई," ते म्हणाले. "सगळं फिटलं. सात वर्षं आधी."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग ताईला फोन केला. ती आली ती धापा टाकतच.

"कुणाला विचारून?" ती ओरडली. मी तिला ओरडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही सही केली होती! वहीत सही केली होती तुम्ही!"

"केली होती," भाऊजी शांतपणे म्हणाले. "नाहीतर तू मला एकट्याला सोडलं नसतंस. बस जरा. हिशेब ऐक. ऑपरेशन करून गेलेलं येणार नाही. राहिलेलं टिकेल की नाही, त्याचीही खात्री नाही. दुकान तर जाणारच. मग तुझ्या एकटीच्या पगारात घर चालवायचं आणि हप्ताही? सहा महिने चुकले की दारात माणसं येतात. पुन्हा सामान जिन्यात? आता तुला कुणी बाहेर काढणार नाही. मी असो, नसो."

"आणि डोळे?"

"डोळ्यांचं बघू आपण."

ताईने पाकीट उघडलं नाही. कपाटात ठेवलं आणि कपाटाच्या दाराला कपाळ टेकून उभी राहिली. मी भाऊजींवर तोंडसुख घेतलं. कर्ज काय पळून जात होतं का, बँकेच्या हातापाया पडून सांगता आलं असतं, घर विकता आलं असतं, एक ना दोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "पाय दुखत असतील तुझे. खुर्ची घे."

नंतर ताईने शाळेतून उचल मागितली, भाऊबंदांकडे गेली, माझ्या शिवणकामातून निघालं तेवढं मी दिलं. ज्या घराच्या कागदांवर आता कुणाचाही बोजा नव्हता, ते कागद घेऊन ती पुन्हा बँकेतही गेली. पण भाऊजींना कमाई नाही म्हटल्यावर तिथे नुसते अर्ज भरून घेतले. पैसे जमायला साडेचार महिने लागले. तोवर उजवा डोळा गेला. डाव्याचं ऑपरेशन झालं. दिसतं, पण उजेड आणि काळोख यांत फरक कळण्याइतकंच.

आता चार वर्षं झाली. काचेचं टेबल विकलं, जिन्याखाली दुसऱ्या कुणीतरी फोनची कव्हरं टांगली आहेत. भाऊजी घरात असतात. भिंतीला हात न लावता ते या खोलीतून त्या खोलीत जातात, चहा करतात, कप बरोबर टेबलाच्या मध्यावर ठेवतात. आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "स्वतःचं घर आहे म्हणून चाललंय बघा. भाड्याच्या खोलीत माझे हाल झाले असते." ते खरंच सुखी आहेत. याचा मला राग येतो, आणि राग आल्याबद्दल वाईटही वाटतं.

गेल्या आठवड्यात मी गेले होते. जेवणं झाली. ताई आणि मी मोरीपाशी भांडी घासत होतो, भाऊजी बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. नळाच्या आवाजात ताई एकदम म्हणाली, "मला घराचं काही वाटेनासं झालं होतं गं. शेवटची पाच-सहा वर्षं तरी. मी त्यांच्याबरोबर आणखी नऊ खोल्या बदलल्या असत्या. रविवारी ते समोर बसायचे, इतक्या उत्साहाने आकडे मांडायचे, मला ते बघायला आवडायचं. म्हणून मी चालू ठेवलं. मला वाटलं, घर त्यांना हवंय."

रेडिओ बंद झाला.

"काय म्हणतेय ती?" भाऊजींनी बाहेरून विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "म्हणतेय, घर आहे म्हणून निभावलं."

"मग!" भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी रेडिओ परत लावला.

ताईने नळ मोठा केला. जिन्यातून उतरताना मला वाटलं होतं, निदान मी तरी त्यांना सांगायला हवं. पण मी सांगणार नाही. त्या माणसाने डोळे देऊन जे विकत घेतलं ते कुणालाच नको होतं, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?