हॅलोताईचे हिरवे ठिपके

हॅलोताईनं उभ्या आयुष्यात मोठी आग पाहिली नव्हती. ऐकल्या मात्र शेकड्यांनी होत्या.

अग्निशमन केंद्राच्या पहिल्या मजल्यावर, बंबांच्या बरोबर डोक्यावर तिची खोली. एक खिडकी, एक वायरलेस, पाठीला टेकायला दबलेल्या कापसाची उशी. आणि आवाज! काय तो आवाज! नाटकाला शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही वाटावं, बाई आपल्याशीच बोलतेय. बंब फाटकाबाहेर पडला की ती म्हणायची, "हॅलो, बोला." तेवढ्यावरून जवानांनी तिचं नाव पाडलं हॅलोताई. जवान धुरातून बोलू लागले की ती डोळे मिटायची आणि त्यांच्या शब्दांवरून सगळं नेपथ्य डोक्यात उभं करायची. इथे जिना, इथे दार, इथे आपला माणूस.

पण आवाज बंद झाला की ते नेपथ्य कोसळायचं. एकदा एका जवानाचा वायरलेस धुरात मुका झाला. ती हाका मारत राहिली आणि बाकीचे भलत्याच खोलीत शोधत राहिले. तो सापडला, जगला, पण छाती कायमची अधू झाली. तेव्हापासून तिनं धोशा लावला होता, "मला नुसतं ऐकायला नको. दिसायला हवं."

आणि एके दिवशी समोरच्या भिंतीवर पडदा आला. प्रत्येक जवानाला काडेपेटीएवढा एक बिल्ला. आत शिरताना जवान दारात, जिन्यात खुणेची छोटी यंत्रं ठेवत जाणार, बिल्ला त्यांच्याशी बोलणार, हवेच्या दाबावरून मजलाही ओळखणार. पडद्यावर रस्त्यांचा आणि इमारतीचा नकाशा, त्यात माणसागणिक एक हिरवा ठिपका, ठिपक्याशेजारी मजल्याचा आकडा. माणूस निपचित पडला की ठिपका लाल. हॅलोताईला इतका आनंद झाला की घरी जाऊन तिनं चहाचे कप मांडून नवऱ्याला सगळा नकाशा समजावला. नवरा शिंपी, मुलखाचा मिश्कील. तो म्हणाला, "अगं, ते सगळं खरं, पण माझा चहा कुठल्या मजल्यावर आहे?"

मग रंगाच्या गोदामाला आग लागली. वायरलेसवर जवान खोकत होते, "दुसऱ्या मजल्यावर आहोत, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही!" आणि पडद्यावर? सगळे ठिपके खाली बंबात, बसची वाट बघत उभे असल्यासारखे एकमेकांना चिकटून. चालू इंजिनाच्या थरथरीनं तेवढे हिरवे राहिले होते. हॅलोताईला क्षणात उमगलं. बिल्ले बंबातल्या खुंटीला टांगून गडी आत गेले होते!

ती आग विझली. बंब परतल्यावर तिनं दिराला गाठलं. दीर म्हणजे पहिल्या तुकडीचा म्होरक्या, झुपकेदार मिशांचा. तिचं लग्न झालं तेव्हा अर्ध्या चड्डीत शाळेला जाणारा हा पोरगा तिच्याच हातचं खाऊन एवढा झाला होता.

"भावजी, बिल्ले खुंटीला का?"

"घामानं भिजले होते, वहिनी. वाळत घातले."

"मस्करी पुरे."

तसा तो गंभीर झाला. "साहेबांनी मागे हजेरीला सगळ्यांदेखत वाचून दाखवलं, कोण कॅन्टीनमध्ये किती वेळ बसला, कोण संडासात किती वेळ. जिवावर उदार होऊन धुरात शिरतो आम्ही, आणि गुरांच्या गळ्यात घंटा बांधावी तसं आम्हाला बांधायचं? माझी माणसं मला आवाजावरून कळतात. तुमच्याकडूनच शिकलो ते."

ती तडक केंद्रप्रमुख साहेबांच्या खोलीत गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. नवं खेळणं हाती आलं की कुणीही बटणं दाबून बघतं, तसं त्यांचं झालं होतं.

"साहेब, ते चहा कुठे पितात ते मला नको. धुरात कुठे आहेत ते हवं. घंटा वाजली की पडदा जागा व्हावा, बंब घरी आला की झोपावा. मधलं कुणी काही बघायचं नाही."

"एवढी महागाची वस्तू झोपवून ठेवू?"

"बंबसुद्धा झोपलेलाच असतो की! म्हणून काय भाजी आणायला काढतो?"

साहेबांना हसू आवरेना. मग म्हणाले, "ठीक आहे. पण पुढच्या आगीत बिल्ले पुन्हा खुंटीला दिसले, तर पडदा उतरवून परत पाठवतो. मग तुम्ही आणि तुमचे कान."

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी, बंबांच्या मधल्या वाटेनं हॅलोताईचा प्रवेश झाला. गळ्यात बिल्ला! आणि मागोमाग साहेब, त्यांच्याही गळ्यात बिल्ला. जवानांच्या भुवया टोपीला टेकल्या.

"घंटेआधी पडदा काळा, परत आलात की काळा," तिनं खणखणीत सांगितलं. "आणि बंबातही एक छोटा पडदा बसतोय. त्यावर तुम्हाला मीही दिसेन, साहेबही दिसतील."

"साहेब काय, गाडीतच दिसणार!" मागून कुणीतरी बोललं आणि हशा पिकला.

साहेबही हसले. "त्या दिवशी वाचून दाखवलं ते चुकलं माझं," असं सगळ्यांदेखतच म्हणाले, आणि हशा ओसरला.

"वहिनी, एक बिल्ला दादालाही घाला," दीर मिशीला पीळ देत म्हणाला. "दुकान उघडं टाकून कुठे भटकतो ते तरी कळेल. पण हा गळ्यातून पार कमरेपर्यंत लोंबकळतो. रांगताना अडकतो, त्याचं काय?"

झालं! सगळे कोट शिंप्याच्या दुकानात गेले. जुन्या, बाद झालेल्या कोटांचं आग न धरणारं कापड कापून त्यानं प्रत्येकाच्या छातीशी आतून खिसा लावला. सुया मोडल्या, कुरकुर केली, "लग्नाचे सूट शिवणारा माणूस मी, कुठे आणून बसवलंस!" पण टाके असे घातले की जणू प्रत्येक कोट भावाचाच. दिरानं खिसा चाचपून पाहिला. "दादानं शिवलाय म्हणून घालतो. यंत्रावर आपला विश्वास नाही."

आणि भर दुपारी गाद्यांच्या कारखान्याला आग लागली.

घंटा वाजली, पडदा जागा झाला. बंब थांबला. एक ठिपका खाली उतरला. दुसरा. तिसरा. सगळेच उतरले! सर्वांत पुढे, दारातून आत शिरणारा तो मिशीवाला. ती खुर्चीतच उडाली.

कामगार सुखरूप बाहेर आले. कुणी राहिलं तर नाही हे बघायला दीर पुन्हा वर गेला. "तिसऱ्या मजल्यावर आहे, मागच्या खोलीत शिरतोय," तो वायरलेसवर म्हणाला. मग कडाड् आवाज. मग खरखर. मग काही नाही.

"हॅलो, बोला. भावजी, बोला!"

ठिपका लाल झाला. शेजारचा तीनचा आकडा दोन झाला.

आगीच्या जागेवरून साहेब विचारत होते, "ताई, तो तिसऱ्यावरच ना? दोघांना तिसऱ्यावर पाठवतोय."

तिचे कान शपथेवर सांगत होते, तिसरा. त्याच्याच तोंडून ऐकलं होतं, आत्ता. जन्मभर या कानांनी दगा दिला नव्हता. पडदा म्हणत होता, दुसरा. चुकीचा मजला सांगितला तर शोधून परत फिरेपर्यंत भावजींच्या पाठीवरच्या नळकांड्यातली श्वासाची हवा संपणार. तिनं डोळे मिटले नाहीत. या वेळी नाही. ती टक लावून बघत राहिली. जिन्यानं उतरणारा ठिपका वळणं घेत येतो. हा जागचा हललाच नव्हता, नुसता आकडा बदलला होता. माणूस चालत खाली आला नव्हता. जमीनच त्याला घेऊन खाली आली होती!

"थांबा साहेब! तिसऱ्यावर कुणी पाऊल टाकू नका, तिथली जमीन गेलीय. ते दुसऱ्यावर आहेत, मागच्या बाजूला."

"मागची बाजू बंद आहे. भिंत आहे तिथे."

"भिंतीपलीकडे आहेत."

"नक्की?"

"मी बघतेय, साहेब! फोडा ती भिंत!"

काय फेक होती त्या वाक्याची! दोन हिरवे ठिपके तत्काळ वळले. "डावीकडे. आणखी थोडं. बस्, आता समोर." वायरलेसवर घणाचे घाव ऐकू येऊ लागले. एक, आणखी एक, मग विटा ढासळल्याचा आवाज. हिरवे ठिपके लाल ठिपक्यापाशी पोचले. आणि तिच्या डोळ्यांदेखत लाल ठिपका हिरवा झाला.

"हॅलो... बोला," धुळीनं भरलेला आवाज आला.

हॅलोताईला, जन्मात पहिल्यांदा, वायरलेसवर शब्द फुटेना.

"रडताय का वहिनी? दादाला सांगा, माणूस आपटला, पाय मुरगळला, पण खिसा उसवला नाही."

संध्याकाळी ठिपके गर्दी करून रस्त्यानं येऊ लागले. कोपऱ्यावर वळले, फाटकातून आत शिरले, आणि कबूल केल्याप्रमाणे पडदा काळा झाला. हॅलोताईनं खिडकी उघडली. खाली बंबातून काजळलेली तोंडं उतरत होती. शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून दुकानातून धावत आला होता आणि भावाच्या खांद्यावर थापटत, कुणी बघत नाहीसं बघून, खिशाचे टाके तपासत होता.

"ताई," साहेब वर मान करून म्हणाले, "पडदा भिंतीवरून हलणार नाही. मी असेपर्यंत तर नाहीच!"

दिरानं लंगडत दोन्ही हात वर केले. "वहिनी, चालू करा तो पुन्हा! आम्ही कॅन्टीनमध्ये चाललोय, साऱ्या जगाला दिसू दे!"

"मुळीच नाही!" ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडली. "तुम्ही घरी आलात, आता तो झोपणार!"

खालून टाळ्यांचा कडकडाट झाला. हॅलोताईनं गळ्यातला बिल्ला काढून खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरून सगळ्यांबरोबर चहाला गेली.