दाराला गुंडाळलेला रेडिओ

थाबा-त्सेकाच्या आमच्या डोंगरात रेडिओ बिघडला की न्ताते मोखेथींकडे न्यायचा, हे कित्येक वर्षं ठरलेलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही न्ताते म्हणतो, बाईला म्मे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी मुलीचा जुना लॅपटॉप घेतला आणि प्रोग्रॅम लिहायला शिकले. मग म्हणू लागले, "आता रेडिओत फारसे पार्टच नकोत. अँटेनातली लाट सरळ आकड्यांत बदलायची. बाकीचं सगळं गणितच करेल."

यामागे कारण होतं. त्यांची बायको म्मे सेबोलेलो चर्चच्या गायकवृंदात. या वृंदाचं गाणं राजधानीत ध्वनिमुद्रित झालं होतं, त्यातलं तिसरं कडवं तिचं एकटीचं. रविवारी चारला ते एकदाच, मीडियम वेव्हवर लागणार होतं. तिनं स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. "माझ्या यंत्रावर ऐकशील," असा शब्द न्ताते देऊन बसले.

अँटेनाला मोठी चौकट हवी, म्हणून त्यांनी घराच्या लाकडी दारावरच तांब्याची तार गुंडाळली. तारेचं टोक एका छोट्या बोर्डाला जोडलं. तो सेकंदाला वीस लाख वेळा लाट मोजून आकडे लॅपटॉपला देई. खरं तर बोर्डाआधी एक चाळणी, म्हणजे फिल्टर, लागते. वरच्या टोकाची स्टेशनं तिनं अडवली नाहीत, तर मोजणीत ती खालच्या स्टेशनांवर येऊन बसतात. पण न्तातेंनी ती न लावताच महिनाभर ऐकलं, आवाज स्वच्छ. चाळणी त्यांनी रद्दच केली.

रविवारी बर्फाचा वारा सुटला. गाणं ऐकायला बारा बायका खोलीत दाटीवाटीनं बसल्या आणि कुणीतरी दार लावलं. आमच्याकडे घरात कुणी वारलं तरच दिवसा दार लावतात, त्यामुळे न्तातेंच्या सगळ्या चाचण्या उघड्या दारानंच झाल्या होत्या.

गाणं सुरू झालं, आणि त्यावर सीमेपलीकडचा फुटबॉल सामना!

"देवाच्या गाण्यात गोलकीपर कुठून आला?" बायकांतली म्मे लिम्फो ओरडली. "मोखेथी, तुझं गणित नापास!"

म्मे सेबोलेलोनं ब्लँकेटचं टोक मुठीत घट्ट धरलं. दुसरं कडवं संपत आलं.

तेवढ्यात उशिरा आलेल्या एकीनं दार ढकललं. सामना गायब. दार लावलं, पुन्हा गोल!

न्तातेंनी कपाळावर हात मारला. तारेच्या चौकटीला तोंडासमोरचं स्टेशन ऐकू येत नाही. उघडं दार नेमकं फुटबॉलच्या स्टेशनकडे तोंड करून उभं राहत होतं, म्हणूनच महिनाभर चाळणीवाचून भागलं होतं.

"दाराला कुणी हात लावायचा नाही!" ते धावले आणि दार उघडून पायानं अडवून उभे राहिले.

"न्ताते, थंडीनं मरू आम्ही!"

"मेलात की मग लावू!"

बायका हसत एकमेकींच्या ब्लँकेटांत शिरल्या. बर्फ आत उडत होतं. तिसरं कडवं आलं, मोकळं, खणखणीत. म्मे सेबोलेलो लॅपटॉपकडे बघतच राहिली.

"अहो, मी एवढ्या मोठ्यानं गाते?"

"लग्न झाल्यापासून सांगतोय," दारामागून कुडकुडता आवाज आला.