फुटाणे खात रिपोर्ट वाचणारा

रक्ताच्या कॅन्सरनं खंगलेल्या बापाला घेऊन मी परभणीहून पालमला निघालो होतो. एसटीत शेजारच्या अनोळखी शहाण्यानं न विचारताच माझ्या मांडीवर ठेवलेला, बापाच्या रक्ताच्या आणि हाडातल्या मगजाच्या तपासणीचा रिपोर्ट उचलला. फुटाणे चघळत, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली आणि निकाल दिला, "प्रोटीन लय वाढलंय. डाळ, अंडी बंद करा, आपोआप उतरतंय बगा." उतरताना फोलपटं आमच्याच पायाशी झटकून गेला.

महिन्याभरात बाप आणखी वाळला. डाळ-अंडी बंद केल्याचं ऐकून डॉक्टर खवळले, "अहो, ते प्रोटीन ही रोगाची खूण आहे. कॅन्सरच्या पेशी ते बनवतात, तुमचं वरण नाही!"

त्या दीडशहाण्याला मी अजून शिव्या घालतो. पण "थोडं तरी वाढ" म्हणणाऱ्या बापापुढची वरणाची वाटी मीच उचलली होती.